जंताचं औषध दिलं तरी मांजराला जंत परत का होतात: शिकारी मांजरांसाठी समस्या निवारण

गहू निघाला की आमच्याकडे हा प्रश्न हमखास येतो. खळ्यात, कोठीत, कडब्याच्या गंजीत उंदीर वाढतात आणि मांजरं रात्रंदिवस त्यांच्या मागावर असतात. मग शेजारचं कुणीतरी विचारायला येतं, "गोळी दिली होती ना, तरी शेपटीखाली पांढरे दाणे दिसताहेत परत. गोळी नकली होती का?"

गोळी बहुतेक वेळा चांगली असते आणि तिनं तिचं काम केलेलं असतं. जंताचं औषध म्हणजे लस नव्हे. ज्या दिवशी दिलं त्या दिवशी पोटात जे जंत आहेत ते मरतात, आणि औषध लवकरच अंगातून निघून जातं. त्यानंतर मांजरानं जंताचं पिल्लू असलेला उंदीर खाल्ला, तर नवा जंत पोटात वाढायला लागतो. त्यामुळे दुकान बदलण्याआधी जंत कुठून येतोय ते शोधायला हवं, आणि ते घरच्या घरी बऱ्यापैकी शोधता येतं.

माझं घर खान्देशात, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, केळीच्या बागांना लागून आहे. इथली मांजरं ओट्यावर झोपतात, खळ्यात शिकार करतात आणि जेवायच्या वेळी चुलीजवळ येतात. त्यांना घरात कोंडून ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही, कारण ते होणारच नाही. पुढचं सगळं अशा मोकळ्या मांजरांसाठी आहे.

आधी दाणा नीट बघा

मांजर झोपून उठलं की ते जिथं झोपलं होतं ती जागा बघा. पोत्यावर किंवा चादरीवर वाळलेल्या तांदळाच्या कणीसारखे दाणे सापडतील. हे पट्टकृमीचे, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या फितीसारख्या चपट्या जंताचे, सुटे तुकडे. ताजा तुकडा पांढरा, चपटा आणि ओलसर असतो, आणि जवळून पाहिलं तर आखडतो, पसरतो, जरा सरकतोही. वाळला की पिवळसर आणि कडक होतो. प्रत्येक तुकड्यात अंडी भरलेली असतात.

लांब, गोल, शेवयांसारखे जंत उलटीतून किंवा शीतून पडले तर तो वेगळा जंत, गोल जंत, टॉक्सोकारा कॅटी. पोट फुगलेली आणि पाठीचा कणा वर आलेली पिल्लं बहुधा याचीच धनी असतात. पिल्लांना तो आईच्या दुधातून मिळतो. मोठ्या मांजराला तो मातीतल्या अंड्यांतून मिळतो आणि उंदरातूनही, कारण उंदराच्या अंगात या जंताची पिल्लं नुसती वाट पाहत पडून राहतात.

मग तारीख बघा

गोळी दिली ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दाणे पुन्हा दिसले की तीही लिहा. या दोन तारखांमधलं अंतर पुष्कळ काही सांगून जातं.

दोन-चार दिवसांतच दाणे दिसत राहिले तर औषध लागूच पडलेलं नाही. मांजरानं गोळी कोपऱ्यात जाऊन थुंकली असेल, वजन कमी धरलं गेलं असेल, किंवा औषध भलत्याच जंताचं असेल.

दोन ते तीन आठवड्यांनी दिसले तर संशय पिसवांवर घ्या. डिपायलिडियम नावाचा पट्टकृमी पिसवांतून येतो. पिसवाची अळी जमिनीवर पडलेली अंडी खाते, ती मोठी होऊन मांजराच्या अंगावर चढते, आणि अंग चाटताना मांजर ती गिळतं. गिळल्यापासून तुकडे बाहेर पडायला तेवढाच वेळ लागतो.

पाच-सहा आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस गेले असतील तर उंदीर. हा टीनिया टीनिफॉर्मिस नावाचा दुसरा पट्टकृमी. याचे तुकडे जरा मोठे आणि चौकोनी असतात. मांजराच्या शीतून अंडी धान्यावर, भुशावर पडतात, ती उंदीर खातो आणि त्याच्या यकृतात गाठ तयार होते. मांजर कधी अर्धा उंदीर ओट्यावर टाकून जातं. तो उचलताना यकृत दिसलं तर बघा: लालसर यकृतावर काही मिलिमीटरचा पांढरट फुगा असतो आणि त्यात लांबुडका जंत गुंडाळून बसलेला असतो. मांजरानं तो गिळला की बाकीची वाढ मांजराच्या आतड्यात होते. हे बघताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला.

तारखेचा हिशेब अगदी काटेकोर नसतो, कारण मांजर रोजच शिकार करतं आणि त्याच्या अंगावर पिसवाही असू शकतात. तरी सुरुवात कुठून करायची ते त्यातून कळतं. शंका राहिली तर पिसवांची परीक्षा करा. बारीक दातांची फणी पाठीवरून, शेपटीच्या मुळापाशी फिरवा आणि निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कापडावर झाडा. मातीचे कण काळेच राहतात. पिसवांची विष्ठा असेल तर कणांभोवती तांबडा रंग उतरतो, कारण ते मांजराचंच पचलेलं रक्त असतं.

कोणतं औषध दिलं होतं?

निम्म्या तक्रारींचं उत्तर इथं मिळतं असं मला वाटतं. खेडेगावात घरात जी जंताची गोळी असते तीच मांजराला दिली जाते: शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना मिळणारी अल्बेंडाझोल, किंवा गुरांच्या औषधाच्या बाटलीतला घोट. कृपा करून हे करू नका. अल्बेंडाझोलनं मांजराच्या अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी कमी झाल्याची उदाहरणं आहेत, आणि गुरांच्या बाटलीतून अडीच-तीन किलोच्या जिवाला मात्रा मोजून देणं शक्यच नसतं.

मांजरासाठी म्हणून मिळणाऱ्या गोळीत साधारणपणे दोन औषधं एकत्र असतात. प्राझिक्वांटेल पट्टकृमीवर, पायरँटेल गोल जंतांवर. नुसतं पायरँटेल किंवा पाइपराझिन दिलं तर पट्टकृमीला काही होत नाही, आणि नेमकं हेच बऱ्याचदा झालेलं असतं. दुकानात "मांजराला जंताचं द्या" एवढंच न म्हणता पाकिटावर प्राझिक्वांटेल हा शब्द आहे का ते वाचून घ्या. गोळीची मात्रा वजनावर ठरते. बऱ्याच पाकिटांवर चार किलोला एक गोळी असं लिहिलेलं असतं, पण तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय तेच धरा. मांजराला कापडी थैलीत, तोंड बाहेर ठेवून, किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं की वजन कळतं. ते ऐकत नसेल तर त्याला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा.

गोळी भाकरीत लपवली तर मांजर भाकरी खाऊन गोळी बाजूला ठेवतं. तुपाचं किंचित बोट लावून जिभेच्या मागच्या बाजूला ठेवा, तोंड मिटून धरा, गळ्यावरून हात फिरवा, आणि मग ड्रॉपरनं थोडं पाणी पाजा. पाणी पाजणं टाळू नका. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहू शकते.

किती दिवसांनी द्यायचं? शिकार करणाऱ्या मोठ्या मांजराला निदान दर तीन महिन्यांनी. रोज उंदीर खाणारं मांजर असेल आणि घरात लहान मुलं असतील तर पट्टकृमीचं औषध दर महिन्याला देणंही योग्य ठरतं. ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, दूध सुटेपर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्याला एकदा. त्याच वेळी आईलाही द्या. गर्भार किंवा पाजणाऱ्या मांजरीला कोणतं चालतं ते विचारूनच द्या.

पिसवा निघाल्या तर गोळीबरोबर त्यांचाही बंदोबस्त करा, नाहीतर तीन आठवड्यांनी तुम्ही पुन्हा तिथंच याल. घरातल्या सगळ्या मांजर-कुत्र्यांवर एकाच वेळी उपाय करा, झोपायची पोती कडक उन्हात टाका, कोपरे झाडून काढा. मात्र गुरांच्या गोचिडांवर फवारायचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमित्राझ असतं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराच्या शरीराला ही औषधं सोसत नाहीत. अंग थरथरतं, झटके येतात, जीव जातो. अंग चाटणाऱ्या प्राण्याच्या अंगावर जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार, हे धरूनच चाला.

शिकार कमी होईल का?

बंद होणार नाही, कमी होईल. आपल्याकडे मांजराला दूध-भाकरी घालतात, कळण्याची असो की ज्वारीची. त्यावर पोट भरतं, पण मांजर मांसाहारी प्राणी आहे आणि त्याला टॉरीन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. ते धान्यात नसतं. फार काळ मिळालं नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात. दूध-भाकरीवर वाढलेली कितीतरी मांजरं धडधाकट दिसतात ती उंदरांमुळेच, असं माझं मत आहे. म्हणजे नुसती भाकरी घालून शिकारीला रागावण्यात अर्थ नाही. घरात मांसमच्छी होत असेल तर कोंबडीचं काळीज आणि हृदय शिजवून, मीठ-मसाला न घालता द्या. शाकाहारी घरात ते जमत नाही. तिथं मांजराचं तयार कोरडं खाद्य रोज थोडं द्या, त्यात टॉरीन घातलेलं असतं.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. भरपूर मांस असलेलं खाद्य दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी कमी झाली, आणि रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी खेळल्यानं 25 टक्क्यांनी. तिथली मांजरं वेगळी, इथली वेगळी, हे खरं. पण संध्याकाळी सुतळीला चिंधी बांधून खेळवायला पैसे लागत नाहीत.

उंदीरच कमी करायचे असतील तर धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, कडबा भिंतीपासून हातभर दूर रचा आणि पिंजरे लावा.

जंत समजून विषबाधा नजरेतून सुटते, ती अशी

हा भाग घाईत वाचू नका. मांजर सुस्त झालं, खात नाही, म्हणून "जंत झाले असतील" असं समजून गोळी दिली जाते आणि हातातला वेळ जातो. पट्टकृमीनं मोठं मांजर एका दिवसात लोळत नाही. कालपर्यंत उड्या मारणारं मांजर आज पडून असेल, तर उंदराच्या औषधाचा विचार सगळ्यात आधी करा.

शेतात आणि घरात दोन तऱ्हेची औषधं वापरली जातात. एक करडी-काळी पावडर, झिंक फॉस्फाइड, जी पिठात किंवा भरड्यात तेल घालून बिळाशी ठेवतात. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग होऊन फॉस्फिन वायू तयार होतो. उंदराच्या पोटात न पचलेलं आमिष असेल आणि मांजरानं तो उंदीर पोटासकट खाल्ला, तर विष मांजरात येतं. लक्षणं लवकर, बऱ्याचदा काही तासांतच दिसतात: उलट्या, धाप, तोल जाणं, झटके, आणि तोंडाला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास. यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त जीव सावरून धरू शकतात. दूध, तूप, अन्न काहीही पाजू नका. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मांजराची उलटी हुंगू नका, गाडीच्या काचा उघड्या ठेवा, कारण तो वायू माणसालाही घातक आहे.

दुसरं औषध म्हणजे रंगीत वड्या, ज्यांना सगळे केक म्हणतात. त्यात ब्रोमाडिओलोन 0.005 टक्के असतं. यानं रक्त गोठायचं थांबतं. उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस हिंडत राहतो, मंदावतो, आणि मंदावलेला उंदीर मांजराला आयता सापडतो. विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं. एखाद्या उंदरानं काही होईलच असं नाही, पण रोज असे उंदीर खाल्ले तर ते मांजराच्या अंगात साठत जातं. लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या, श्वास जोरात, नाकातून किंवा शीतून रक्त, त्वचेखाली निळसर गाठी, कधी नुसतंच लंगडणं. ओठ वर करून हिरडी बोटानं दाबा. निरोगी मांजराची हिरडी गुलाबी असते आणि दाबल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. याला उतारा आहे, तो म्हणजे के-1 जीवनसत्त्व, आणि तो तीन-चार आठवडे द्यावा लागतो. दोन दिवसांत मांजर उठून बसलं म्हणून थांबवू नका; ब्रोमाडिओलोन शरीरात पुष्कळ दिवस टिकतं आणि रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. के-3 नावाचं स्वस्त जीवनसत्त्व इथं उपयोगी पडत नाही.

शेजाऱ्यांशी बोलणं हाच यावरचा खरा उपाय. आमच्या गल्लीतले जिभाऊ पहिल्यांदा म्हणाले होते, "मांजर उंदीर खास, त्यामा काय नवं?" (मांजर उंदीर खातंच, त्यात काय नवं?) मी त्यांना म्हटलं, "जिभाऊ, तुम्ही ठेवलेलं औषध उंदरात, आणि उंदीर आमच्या मांजरात. औषध ठेवाल त्या दिवशी नुसती हाक मारा, आम्ही आठवडाभर मांजर रात्री आत ठेवू." आता ते हाक मारतात, आणि मेलेले उंदीर उचलून पुरतात. औषधाचा रिकामा पुडाही जपून ठेवा, किंवा त्याचा फोटो काढून ठेवा. कोणतं विष ते कळलं तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

एक इशारा याच्याच जोडीला. ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे.

उंदराशिवाय बाकीचं

पावसाळ्यात मांजर सारखं खोकत असेल आणि प्रतिजैविकांनी फरक पडत नसेल, तर फुफ्फुसातल्या जंताचा विचार डॉक्टरांपुढे मांडा. तो गोगलगायीत वाढतो आणि गोगलगाय खाणारे बेडूक, पाली, पाखरं यांच्यातून मांजरात येतो. नेहमीची प्राझिक्वांटेल-पायरँटेलची गोळी त्यावर चालत नाही. फेनबेंडाझोलसारखं औषध ओळीनं काही दिवस द्यावं लागतं. पाली खाणाऱ्या मांजराचे डोळे किंवा हिरड्या पिवळ्या पडल्या तर पित्तनलिकेत राहणारा चपटा कृमी असू शकतो. उष्ण प्रदेशांत तो आढळतो आणि त्याला प्राझिक्वांटेलची मात्रा नेहमीपेक्षा बरीच जास्त लागते, म्हणून घरी प्रयोग नको.

पाखरांबद्दल खान्देशानं विशेष सावध राहावं. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यात नवापूरच्या कोंबड्यांमध्ये सापडला. मांजरवर्गातल्या प्राण्यांना हा विषाणू होतो; डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानं दगावले. आसपास कोंबड्या किंवा कावळे मरत असल्याचं कानावर आलं तर मांजर आत ठेवा, कच्ची कोंबडी घालू नका आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका.

बाहेर हिंडणाऱ्या मांजराला रेबीजची लस दर वर्षी द्याच. मांजर चावलं, ओरबाडलं तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

घरात गर्भवती किंवा लहान मुलं असतील तर

लेक बाळंतपणाला माहेरी आली की घरातलं कुणीतरी म्हणतं, मांजर सोडून या लांब कुठंतरी. कारण टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे पोटातल्या बाळाला इजा करू शकणारा एक जंतू. भीती खोटी नाही, पण त्यासाठी मांजर सोडायची गरज नाही. मांजराला हा जंतू बहुधा लहानपणीच, पहिल्या शिकारींतून होतो, आणि त्यानंतर एक ते तीन आठवडे त्याच्या शीतून बाहेर पडतो. पुढे सहसा पडत नाही. ताजी शी लागलीच बाधत नाही. बाहेर पडलेला जंतू बाधण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून शी रोज उचला, आणि ती गर्भवतीनं नको, दुसऱ्या कुणी उचलावी. परसातल्या मातीत काम करताना हातमोजे घाला, भाज्या धुवा, मांस नीट शिजवा. माणसाला ही लागण मातीतून आणि कच्च्या मांसातून जास्त होते.

मुलांसाठी धोका गोल जंताच्या अंड्यांचा. ती मातीत महिनोन् महिने टिकतात आणि मुलाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यांत जातात. बांधकामाची वाळू दारात पडली असेल तर रात्री ताडपत्रीनं झाका. मांजरांना ती फार आवडते, आणि मुलांनाही.

दवाखान्यात जाताना

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नुसतं मांजर नेऊ नका. सापडलेला दाणा छोट्या बाटलीत थोडं पाणी घालून न्या. शीच्या तपासणीत पट्टकृमीची अंडी पुष्कळदा सापडत नाहीत, कारण ती तुकड्यात बंद असतात. तुकडाच दिसला तर लगेच ओळख पटते. शीचा नमुना त्याच सकाळचा हवा, झाकणाच्या डबीत, आणि उन्हाळ्यात ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीतून न्या. सोबत दोन्ही तारखा, मांजराचं वजन, दिलेल्या गोळीचं पाकीट, आणि आसपास उंदराचं औषध कधी ठेवलं होतं ते लिहिलेला कागद. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सोय तिथं नसेल तर तोच नमुना जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात पाठवता येईल का ते विचारा.